जुन्या ओवीला नवे उत्तर : वसईतील सहा शनिवारांच्या वर्गाविषयी

अभिजात मराठी साहित्य वाचून त्याला ख्रिस्ती दृष्टीने प्रतिसाद द्यावा, तो समीक्षेच्या रूपाने द्यावा किंवा स्वतःच्या कवितेतून, कथेतून द्यावा, या हेतूने वसईतील एका चर्चच्या सभागृहात सहा शनिवार भरलेला वाचन-लेखन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, विसाच्या आसपास माणसे आणि माफक शुल्क, असे त्याचे स्वरूप होते. लेखनाच्या बाजूने या वर्गाने मला अपेक्षेपेक्षा बरेच अधिक दिले. समीक्षेची बाजू मात्र पुष्कळ ठिकाणी अर्धी राहिली.

पहिल्याच दिवशी पसायदान घेतले, आणि मार्गदर्शकांनी एक चांगली अट घातली : मूळ रचना काय म्हणते ते नीट ऐकून होईपर्यंत बायबलचे वचन कोणी काढायचे नाही. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ या एका चरणावर आम्ही जवळजवळ पाऊण तास थांबलो. खळ नष्ट होवोत असे ज्ञानदेव म्हणत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा गळून पडो असे म्हणतात. हे उमगल्यानंतर वैऱ्यांवर प्रीती करण्याविषयीचे येशूचे वचन वाचले, तेव्हा साम्याइतकाच फरकही डोळ्यांत भरला. पसायदानातील मागणे प्रामुख्याने जगासाठी आहे, तर प्रभूच्या प्रार्थनेत मागणारा स्वतःला ऋणी म्हणवतो आणि आपल्या ऋण्यांना ऋण सोडल्याचे सांगून स्वतःच्या ऋणाची माफी मागतो. दोन प्रार्थना एकच आहेत असे म्हणून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दिवशी तो कोणी केला नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

पुढचे दोन शनिवार इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला, म्हणजे ओव्यांतून सांगितलेल्या बायबलच्या कथेला, दिले होते. 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाची त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा’ ही मराठीची स्तुती सगळ्यांना पाठ असते, पण ज्या माणसाची ही मातृभाषा नव्हती त्याने हजारो ओव्या कोणाच्या वळणावर घडवल्या, हे एकनाथांच्या ओव्या शेजारी ठेवून वाचले तेव्हा कानांनीच समजले. तक्रार आहे ती याच ठिकाणी. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रींना सांगतो की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण तरी द्या. गोव्यातल्या ज्या साष्टीत देवळे पाडली गेली होती, तिथे हे पुराण रचले गेले. हा दुखरा प्रश्न ख्रिस्ती वाचकानेच सर्वांत आधी आणि सर्वांत प्रामाणिकपणे विचारायला हवा, असे माझे मत आहे. वर्गात तो दहा मिनिटांत उरकला. वाटलेल्या झेरॉक्स पानांत जुन्या शब्दांचे अर्थही दिलेले नव्हते, त्यामुळे त्यातला बराच वेळ ‘म्हणजे काय’ यातच गेला.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक एका शनिवारी भरभर आटोपले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, एवढे सांगून विषय संपला. त्या दोघांना दोन दिवस द्यायला हवे होते.

खरी कमाई लेखनाच्या सत्रांत झाली. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा वाटणी उधळून घरी परततो, बाप त्याला जवळ घेतो आणि थोरला रुसतो; त्यात आई कुठेच दिसत नाही, हे एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी तिला जात्यावर बसवले :

धाकला परतला घरी,
थोरला रुसून दारी,
माय दळिते जात्यावरी,
दोघांसाठी.

वाचताना त्यांचा आवाज तिसऱ्या चरणावर जरा अडखळला आणि शेवटचे दोन शब्द त्यांनी जवळजवळ कुजबुजतच म्हटले. लूकच्या शुभवर्तमानात थोरल्याची समजूत घालायला बाप स्वतः बाहेर येतो; बाईंनी तेच काम आईच्या हातातल्या खुंट्याला दिले होते. मूळ दाखला बापाविषयीच आहे, त्यात भर घालण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असे एका तरुणाने विचारले, आणि त्यावर झालेली चर्चा ही सहा आठवड्यांतली सर्वांत चोख समीक्षा होती. बाईंनी एक शब्दही बदलला नाही, फक्त ओवीच्या वर ‘दाखल्यात नसलेली’ असे लिहिले.

ज्यांना ओवी-अभंगांची गोडी आहे आणि बायबल घरात उघडले जाते, त्यांनी या वर्गाला जरूर जावे; इतर धर्मांची तीन माणसे आमच्यात होती आणि त्यांना कुठेही परके वाटू दिले गेले नाही. शब्दकोश मात्र बरोबर न्यावा. पुढच्या तुकडीत ‘ख्रिस्तपुराणा’ला आणखी एक शनिवार मिळणार असेल, तर मीही पुन्हा नाव घालणार आहे.