आरओ घ्यायचा की पातेलं चढवायचं?

जुळे सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की आधी विचारतात, पाणी कितव्या दिवशी सुटतं? ते कळलं की दुसरा प्रश्न आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षार गाळणाऱ्या मशीनचा. दुकानदाराला विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे. त्याआधी नळ आणि बोअर यांचं पाणी वेगवेगळं तपासा.

नळाला येतं ते उजनी धरणाचं, नाहीतर औज बंधाऱ्यातून टाकळीमार्गे आलेलं भीमेचं. नदीच्या पाण्यात पहिली भीती जंतूंची, आणि जंतू उकळल्यावर मरतात. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरे. खर्च मात्र गॅसचा: रोज दहा लिटर उकळलं तर महिन्याला साधारण तीन किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळपास पाव हिस्सा. एवढं परवडत नसेल तर यूव्ही-यूएफचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारून बारीक जाळीतून पाणी गाळणारं मशीन घ्या. ते पाणी वाया घालवत नाही, फक्त यूव्हीला वीज लागते आणि पाणी गढूळ चालत नाही.

बोअरचं पाणी वेगळं. आमच्याकडे त्यात तुरीची डाळ तासभर तशीच टणक राहायची आणि पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरायची. उकळून यातले थोडे क्षार बुडाला बसतात, पण सगळे जात नाहीत. इथे आरओच लागतो. पण साधं मशीन एक लिटर देताना तीन लिटरपर्यंत सोडून देतं. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे जिवावर येतं. म्हणून मशीनखाली बादली ठेवा. फरशी, संडास निघतो. झाडांना मात्र नको, खारट असतं.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. आकडा ५०० च्या आत असेल तर आरओवर पैसे घालू नका. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. फक्त मीटरला जंतू दिसत नाहीत, तेव्हा आकडा कमी आला म्हणून न उकळता पिऊ नका.

थंडगार जार? लग्नकार्याला ठीक. सैल झाकणाच्या जारमध्ये काय भरलंय, कोण सांगणार!

आणि मशीन कुठलंही घ्या, साठवलेल्या पाण्यातली जंतू मारणारी क्लोरीन दोन-तीन दिवसांत उडून जाते. पिंपात पोरं हातासकट पेला बुडवतात तिथेच सगळं बिघडतं. बोहारणीकडून का होईना, लांब दांड्याचं ओगराळं आधी आणा.