म्युझेओ एजित्सिओ, तुरीन: खा आणि मेरितचं दालन आधी बघा

तुरीनला जाणार असाल आणि हे इजिप्शियन म्युझियम लिस्टमध्ये असेल तर माझं ऐका, मोठमोठ्या पुतळ्यांमध्ये फिरून दमायच्या आधी खा आणि मेरित या प्राचीन इजिप्तमधल्या नवरा-बायकोचं दालन गाठा. पाचपैकी पाच स्टार, आणि ते सगळे या एका दालनासाठी.

खा राजा वगैरे नव्हता. साधारण 3400 वर्षांपूर्वी देर अल-मदिना या कारागिरांच्या गावात राहायचा, फॅरोंच्या थडग्यांच्या कामावर मुकादम होता. 1906 मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्ली या इटालियन पुरातत्त्वज्ञाच्या टीमला त्याचं छोटंसं थडगं जसंच्या तसं सापडलं, चोरांचा हात न लागलेलं. ते त्याच्या नावाने बांधलेल्या पूजेच्या खोलीखाली नव्हतंच ना, समोरच्या कड्यात खोदलेलं होतं, बहुतेक म्हणूनच वाचलं.

आणि आत काय, तर अख्खा संसार! पाव, लसूण, कांदे, जिरं, खाचे पन्नासेक लंगोट, तेही त्याच्या नावाची खूण घातलेले, मेरितचा खऱ्या केसांचा विग त्याच्या पेटीसकट, तिचा पलंग तर चादरी वगैरे घालून तयार ठेवलेला होता. मेरित आधी गेली, तिची शवपेटी तयार नव्हती म्हणून खाने स्वतःसाठी केलेली तिला दिली, ती तिला मोठी झाली मग रिकामी जागा कापडांनी भरली. मी त्या पेटीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले, सोन्याने मढवलेली मोजपट्टी आणि सुमारे 14 मीटरचा पपायरस (लिहिलेली लांबलचक गुंडाळी) नंतर बघितला.

दोन्ही ममी आजवर उलगडलेल्या नाहीत, आतले दागिने एक्स-रेमधून कळलेत. सीलबंद मडकीसुद्धा न फोडता त्यांच्या वासावरून आत काय होतं ते शोधलंय, त्यात मेण आणि सुक्या मासळीच्या खुणा मिळाल्या, हे मला फार आवडलं कारण अशी घाई न करणारी आर्किऑलॉजीच हवी. थडगं उघडलं तेव्हा मात्र सगळं भराभर बाहेर काढलं गेलं, या शोधावरचं पुस्तक आलं थेट 1927 मध्ये, आणि कुठली वस्तू नेमकी कुठे होती याची नोंद तुटपुंजी राहिली. याचं खरंच वाईट वाटतं, इतकं अखंड थडगं परत कुठे मिळणार.

घाईत असाल तर बाकीचे मजले सोडा पण इथे निवांत वेळ द्या. आणि पुढे पॅरिसला जाणार असाल तर खाच्या पूजेच्या खोलीवरच्या छोट्या पिरॅमिडचं दगडी टोक तिथल्या लूव्र म्युझियमकडे आहे.