बनावट इंजिन ऑइल: ५०,२६० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

माझी बोलेरो २०१२ची. टर्बो डिझेल, १ लाख ८४ हजार किलोमीटर झालेली. दर दहा हजाराला ऑइल बदलतो, एकदाही चुकवलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण भेटेल तो म्हणतो, "मेंटेनन्स ठेवला नसेल." ठेवला होता.

नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला आणि मला चार दिवसांत लग्नासाठी नागपूर गाठायचं होतं. म्हणून नाशिकला हायवेलगतच्या एका ऑइलच्या दुकानात गाडी लावली. मी अडाणी नाही हो. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलंय, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ हवं त्याचा ग्रेड. डब्यावर दर्जाचा कोड सीएच-४ किंवा सीआय-४ हवा, सी म्हणजे डिझेलचं, एस म्हणजे पेट्रोलचं, हेही ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, जुन्या गाडीला जाड ऑइल लागतं, २०डब्ल्यू-५० टाका." मी वाद घातला आणि १५डब्ल्यू-४०च घेतलं. सगळं डोकं ग्रेडमध्ये गेलं. डब्यात नेमकं काय आहे, हे बघायचं राहिलं.

जुनं ऑइल ट्रेमध्ये सोडून झालं होतं. पोरगा पाच लिटरचा डबा घेऊन आला. नव्या डब्याचं झाकण फिरवलं की 'कट्ट' वाजतं, खालची रिंग तुटून मानेवर राहते. हे झाकण आवाज न करता फिरलं. याच कंपनीच्या आधीच्या डब्यांना तोंडावर चंदेरी फॉइल होतं, ते इथे नव्हतं. मी हातभर अंतरावर उभा होतो. विचारलंसुद्धा, "सील कुठंय?" "आत्ताच काढलं, काका." त्याच्या हातात सील नव्हतं. जमिनीवर नव्हतं. आणि मी गप्प बसलो. घरून लग्नाच्या सामानाचे फोन येत होते, इंजिन रिकामं, गाडी हलवता येत नव्हती. पण रिक्षाने जाऊन दुसरीकडून डबा आणता आला असता. हा अर्धा मिनिट अजून झोपू देत नाही.

ऑइल २,३८०, फिल्टर ३८०, फ्लश (इंजिन आतून धुवायचं औषध) ४५०, मजुरी २५०. एकूण ३,४६०. "जीएसटीचं बिल पाहिजे तर १८ टक्के वर." मी बिल सोडलं. बिल सोडू नका. पैसे गेले ते दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी घरच्या यूपीआयवर. रिकामा डबा त्याने ठेवून घेतला. अशाच डब्यांत बनावट ऑइल पुन्हा भरतात! डबा तुमचा आहे, गाडीत टाका, नाहीतर समोर स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा.

२,३०० किलोमीटर झाल्यावर मुंबईहून येताना कसारा घाट चढून गाडी उभी केली, तर आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. इगतपुरीच्या पुढे टर्बोने (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) शिट्टी धरली, मागे निळा धूर. टोइंग ३,५००. आमच्या मिस्त्रीने ड्रेन बोल्ट काढला तेव्हा ऑइल पाण्यासारखं धो-धो पडलं. काळं असणं सोडा, डिझेल गाडीचं ऑइल काजळीने लगेच काळं होतंच. पण बोटांत चोळलं तर चिकटपणा शून्य. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. थर गेला की दांडा गेला. टर्बो २१,५००, बेअरिंग, गास्केट आणि ऑइल पंप ९,८००, मजुरी १२,०००.

दुकानदार म्हणाला, "आमचंच ऑइल कशावरून?" पोलीस चौकीत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा "बिल आणा." दुसऱ्यांदा "बनावट मालाची तक्रार कंपनीने द्यायची असते." मी म्हटलं, फसवणूक माझी झालीये, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात. साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारायलाही तासभर बसवून ठेवलं, जसा चोर मीच! कंपनीला फोन केला तर "डबा पाठवा." डबा असता तर रडलो असतो का? एका प्रयोगशाळेने सांगितलं, न उघडलेला डबा आणा. अहो, न उघडलेल्या डब्याने इंजिन कसं बसेल? प्रत्येकजण दुसऱ्याच्या दारात पाठवतो आणि तो माणूस तिथेच बसून रोज वीस गाड्यांत तेच ओततोय.

एमआरपीपेक्षा बरंच स्वस्त मिळालं तर हात लावू नका. ऑइल स्वतः अधिकृत वितरकाकडून आणा, मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. जुनं ऑइल सोडण्याआधी नवा डबा उघडून बघा, आधी! बॅच नंबरचा फोटो काढा. आणि फ्लश कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. यूपीआयची नोंद, टोइंगची पावती आणि गाडीतून काढलेल्या ऑइलच्या दोन बाटल्या, मिस्त्रीची सही असलेली चिठ्ठी चिकटवून, माळ्यावर ठेवल्यात. त्याच दुकानातून ऑइल घेतलेलं कुणी नाशिकचं असेल तर मला सांगा, अर्ज एकत्र देऊ.