सील शाबूत, गॅस चार किलो कमी

तारकर्ली-देवबाग पट्ट्यात पाहुण्यांना अंगणात सुरमई भाजून द्यायला गॅसचं ग्रिल ठेवणारे आता बरेच आहेत. त्यांनी हे जरूर वाचावं. हंगामाच्या तोंडावर एक विक्रेता टेम्पोत १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणि ग्रिलची कव्हरं घालून दारोदार फिरतो. आमच्या होमस्टेला त्याने दोन्हींत फसवलं.

भाव एजन्सीपेक्षा थोडा कमी, बिल 'उद्या'. वजनाचं विचारलं तर म्हणाला, "सील बघा, कंपनीचाच आसा. वजन कित्याक करूचा?" पहिला सिलिंडर फार लवकर संपला, तेव्हा दुसरा न उघडता मासळीच्या काट्यावर नेला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. यावर १८.२ होतं, म्हणजे काटा ३७.२ ला थांबायला हवा. थांबला ३३ वर! आतला गॅस काढून घेऊन वर पुन्हा सील बसवलेलं. पैशांपेक्षा मला याचाच संताप जास्त आहे, कारण अशा उपद्व्यापात व्हॉल्व्ह दुखावला तर गळती होणार आपल्या अंगणात, पाहुण्यांची पोरं खेळत असताना.

त्याच पट्टीवर चाचणीची मुदतही असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. आमच्या सिलिंडरची मुदत केव्हाच उलटली होती.

कव्हर 'खाऱ्या वाऱ्याचं खास' म्हणून विकलं. निघालं पातळ रेक्झिन. पहिल्याच पावसाळ्यात शिवणी उसवल्या, आत घाम धरला आणि बर्नर गंजले. वर त्याचा सल्ला असा की ग्रिल आणि सिलिंडर एकाच कव्हरखाली झाका. हे अजिबात करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, आणि जमिनीपर्यंतच्या कव्हरात त्याला वाटच उरत नाही. आम्ही आता जाड ताडपत्रीचं कव्हर शिवून घेतलंय, बाजूंना जाळी ठेवून. ग्रिल पूर्ण निवल्यावरच घालतो. सिलिंडर बाहेर, उभा, सावलीत.

बिल मागायला फोन केला तर त्याने उचललाच नाही. वजनाची तक्रार आम्ही वैध मापन कार्यालयात, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात, दिली आहे. तुमच्याकडेही तो येऊन गेला असेल तर तुम्हीही द्या, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. गळतीचा वास आला तर मात्र आधी गॅस गळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ वर, फोन करा.