ई-कोर्ट्स ॲप आणि कोर्टाची नक्कल : तारखेला ५ स्टार, कागदाला ३

वडील गेल्यावर घर आमच्या नावावर करायचं होतं, तर नगर भूमापनवाले म्हणाले १९९४ च्या वाटणीच्या दाव्याचा हुकूमनामा लावा, आणि तोही सर्टिफाईड, म्हणजे कोर्टाची शिक्का-सहीची नक्कल, झेरॉक्स चालत नाही. मी म्हटलं कोर्टातल्या केसची माहिती दाखवणारं सरकारी ई-कोर्ट्स ॲप आहे ना, दोन मिनिटांचं काम. डाउनलोड केलं आणि तिथंच तर्री पोहे खात बसलो.

ॲप फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही, आणि केस तुमची असलीच पाहिजे असंही नाही. सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा वेगळा नंबर) असेल तर राजा माणूस. १६ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा एमएच पुढे लागतो, टाकला की कोणत्या जजसमोर, पुढची तारीख काय, मागच्या तारखेला काय झालं, सगळं समोर. सीएनआर नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधता येते पण साल लागते, आणि नावं इंग्रजीत, म्हणजे चौधरीचे जितके स्पेलिंग सुचतील तितके टाकून बघायचे. संपलेली केस असेल तर ‘पेंडिंग’वरची खूण काढून ‘डिस्पोज्ड’ किंवा ‘बोथ’ करा, मी अर्धा तास पेंडिंगमध्येच शोधत होतो.

पण १९९४ चं तिथं कुठून असणार? ई-कोर्ट्स प्रकल्पच २००७ चा, त्याच्या आधीचं बरंचसं कपड्यात बांधलेल्या बस्त्यात आहे. आणि नवीन केसची ऑर्डर पीडीएफमध्ये दिसली तरी ती वाचायला, ऑफिसात लावायला नाही. त्यासाठी नक्कलच काढावी लागते.

मला वाटायचं सगळं नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा कोर्टात मिळते. नाही, दावा ज्या कोर्टात चालला तिथंच आधी विचारायचं. आमचा तालुक्याचा निघाला (कोणता ते नाही लिहत), म्हणून गणेशपेठ स्टँडवरून एसटी. नक्कल शाखेतल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "नंबर?" मी वडलांचं नाव सांगितलं. "नावानं नाही सापडत भाऊ, आरसीएस नंबर आणि साल आणा." (आरसीएस म्हणजे रेग्युलर सिव्हिल सूट, दिवाणी दाव्याचा नंबर.) आल्या पावली परत. नंबर शेवटी आईच्या पेटीत जुन्या समन्सवर सापडला. दुसऱ्या फेरीत अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, वडलांचा मृत्यूचा दाखला, मग रेकॉर्ड रूममधून फाईल येईपर्यंत थांबा. एकूण चार चकरा झाल्या, त्यातली एक फक्त "साहेब सुट्टीवर आहेत" ऐकायला. ३ स्टार त्याचेच. पण मिळाली तेव्हा शिक्का, सही, पानं, सगळं बरोबर होतं, हे कबूल.

शेजारचे म्हणे माहिती अधिकार टाक ना. नका टाकू. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय की केसच्या कागदांच्या नकला कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या. तिऱ्हाईत असाल तर कशाला पाहिजे तेही अर्जात लिहायची तयारी ठेवा.

अपील करणाऱ्यांनी एक बघा. नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, अशा तारखा असतात. त्या शोभेच्या नाहीत, मुदत कायद्याच्या कलम १२ नं नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळतात. म्हणून निकाल लागला की अर्ज लगेच टाका, आणि तयार झाली की उचला, टेबलावर पडून राहिलेले दिवस वगळत नाहीत, ते तुमच्याच मुदतीतून जातात.

काकांचा वेगळा दावा चालू आहे, तो त्यांच्या मोबाईलवर ‘माय केसेस’मध्ये सेव्ह करून दिला. ते तारीख ॲपवर बघतात आणि मग खरी आहे का विचारायला वकिलाला फोन लावतात.