पानं गळणारा फायकस: गॅलरीत हलवायचा की कुंडी बदलायची?

हॉलमधल्या फायकसखाली, म्हणजे फायकस बेंजामिना या शोभेच्या झाडाखाली, रोज पानांचा सडा पडायला लागला की पुण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. शेजारच्या काकू म्हणतात, गॅलरीत ठेवा. नर्सरीवाला म्हणतो, माती बदला. दोन्ही उपाय खरे आहेत, पण एकाच वेळी केले तर अशक्त झाडाला सोसत नाहीत. म्हणून आधी एकच निवडा.

त्याआधी फांदीची साल नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवं दिसलं, चीक आला तर जीव आहे. टोक वाळलेलं असेल तर खोडाकडे सरकत तपासा. सगळी पानं झडलेला फायकसही जुन्या लाकडातून पुन्हा फुटतो. शेवटी वड-पिंपळाच्याच कुळातला तो, इतक्यात टाकून देऊ नका. फक्त चीक हाताला लागू देऊ नका आणि गळलेली पानं मांजर-कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका.

आता गळलेली पानं उचलून बघा. हिरवीच गळत असतील तर बहुधा उजेड कमी पडतोय, जागा नुकतीच बदललीय किंवा एसीचा झोत थेट लागतोय. पिवळी पडून गळतायत आणि माती सतत ओली आहे, तर बिघाड मुळांशी आहे. पानं चिकट लागत असतील, देठांवर तपकिरी खवले दिसत असतील, तर ती कीड आहे. तिथे जागा आणि कुंडी दोन्ही गौण. खवले ओल्या फडक्याने पुसा आणि लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल व थोडा द्रव साबण मिसळून दर आठवड्याला फवारा.

गॅलरीच्या बाजूने बोलायचं तर पुण्याची हवा या झाडाला मानवते. सोसायट्यांच्या कुंपणालगत हाच बेंजामिना बाराही महिने उघड्यावर वाढतो. आपल्याला लख्ख वाटणारा हॉलचा कोपरा त्याच्यासाठी अंधाराच असतो. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली, सकाळचं कोवळं ऊन पुरतं. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे हिरवी जाळी लावाच, कारण एप्रिलमध्ये पारा 40 अंशांपर्यंत जातो आणि आत वाढलेली पानं करपतात. कुंडी दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी बाहेर सरकवा. खर्च काहीच नाही. तोटा एकच: हलवल्यावर आणखी पानं गळतात. लोक इथेच घाबरून झाड परत आत नेतात आणि पानगळ नव्याने सुरू होते. तीन-चार आठवडे त्याला एका जागी राहू द्या. पाणी बोटभर माती सुकल्यावरच, रोज नाही.

कुंडी बदलणं जास्त कष्टाचं आणि जास्त जोखमीचं. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील, पाणी वर ओतताच सरळ खाली निघून जात असेल किंवा मातीला कुजका वास येत असेल, तरच त्या वाटेला जा. नर्सरीतली लाल माती कालांतराने घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. काळी, मऊ पडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी घ्या. मातीत शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू मिसळा, त्यानंतर महिनाभर वेगळं खत नको. पावसाळ्याची सुरुवात यासाठी उत्तम, ऐन उन्हाळा आणि डिसेंबर-जानेवारी टाळा.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी घालत असाल आणि मातीवर पांढरा थर आला असेल, तर कुंडी बदलण्याआधी एकदा भरपूर साधं पाणी ओतून क्षार धुवून काढा.

माझा कौल गॅलरीला. अपवाद फक्त कुजलेल्या मुळांचा: वास येत असेल तर महिना कोणताही असो, थांबू नका, आधी माती बदला. गॅलरी नसेल तर कुंडी खिडकीपासून हातभर अंतरावर आणा. मुळं नुसती दाटलेली असतील तर झाडाला पालवी धरू द्या, कुंडी येत्या जूनमध्ये बदला.