स्प्रिंग एअर रायफलवर ३-९×४० एओ स्कोप: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

प्रभादेवीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, .१७७ कॅलिबरची (४.५ मिमी छर्र्याची), नळी मोडून भरायची स्प्रिंग रायफल आणि तिच्यावर हा ३-९×४० एओ स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. उन्हाळ्याच्या शेवटी बसवला, अख्खा पावसाळा काढला, आता थंडी सरत आली आहे. स्कोप चांगला आहे आणि मी तो ठेवणार आहे. मात्र नवीन घेणाऱ्यांना आग्रहाने सांगेन की झूमच्या मोठ्या आकड्यावर पैसे घालवू नका. ते पैसे जवळच्या फोकसवर आणि माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, घाला.

३-९ म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसतं आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. या दोन आकड्यांचा भागाकार दुकानात कोणी करून दाखवत नाही, तो आपण करावा. ४० भागिले ९ म्हणजे स्कोपमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत साधारण ४.४ मिमी रुंद. ३ वर तोच १३ मिमीच्या पुढे जातो. झोत जितका बारीक, तितका डोळा अचूक जागेवर ठेवावा लागतो, नाहीतर कडेने काळी सावली येते. आता ६-२४×४० घ्या आणि २४ वर फिरवा: उरतो जेमतेम १.७ मिमी. जुलैच्या ढगाळ दुपारी पत्र्याच्या शेडखाली तेवढ्या उजेडात छर्र्याचं भोकसुद्धा नीट दिसत नाही. शिवाय आपल्याला मुंबईच्या आसपास अंतर मिळतं ते १० ते २५ मीटर, फार तर ५०. तिथे नऊपट पुरेसं आहे.

एओ म्हणजे पुढच्या भिंगाभोवतीची फिरती कडी, जिने पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकणं) त्या त्या अंतराला जुळवता येतो. माझ्या मते खरेदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मोठ्या रायफलींसाठी बनवलेले बरेच स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कायमचे जुळवलेले असतात. तसा ४० मिमीचा स्कोप १० मीटरवर वापरला तर चित्र धूसर येतंच, पण डोळा मधून अगदी कडेला सरकला तर नेम जास्तीत जास्त १८ मिमीपर्यंत चुकू शकतो. १० मीटरच्या एअर रायफल टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो, त्यावरून काय ते समजा. एअर रायफलसाठीचे एओ स्कोप १० यार्डांपर्यंत जवळ येतात. घेण्याआधी दुकानातच रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) समोरच्या दाराच्या कडीवर धरा आणि डोळा थोडा हलवून पाहा. रेटिकल कडीवरून सरकत असेल आणि एओ फिरवूनही थांबत नसेल, तर तो स्कोप तुमच्या कामाचा नाही.

दुसरा प्रश्न विचारायचा तो हा: स्प्रिंग रायफलला चालेल का? स्प्रिंग रायफलचा धक्का दुहेरी असतो. आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढे हिसकली जाते. एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेला स्कोप, कितीही महागडा असला तरी, या उलट हिसक्याने आतून ढिला होऊ शकतो. त्याच हिसक्यामुळे माउंट हळूहळू डोळ्याच्या दिशेने मागे सरकतो. म्हणून मागच्या माउंटला खाली स्टॉप पिन हवी आणि रायफलवर तिच्यासाठी भोक. एअर रायफलींवर बहुधा ११ मिमीची डव्हटेल (कडा आत तिरप्या कापलेली) पट्टी असते. तिच्यावर पिकॅटिनीचे, म्हणजे मोठ्या रायफलींवरच्या रुंद, खाचांच्या पट्टीचे, माउंट बसत नाहीत, त्यामुळे खरेदीआधी रुंदी मोजून घ्या. मी स्कोपला धरणाऱ्या दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध माउंट घेतला, पकड जास्त मिळते. आजवर केसभरही हललेला नाही. पट्टीवर पेन्सिलने खूण करून ठेवली आहे, ती प्रत्येक वेळी पाहतो.

बसवण्याला एक निवांत संध्याकाळ द्या. सगळ्यात आधी आयपीस (डोळ्याकडचं भिंग): झूम पूर्ण ठेवून पांढऱ्या भिंतीकडे एक-दोन सेकंदच पाहायचं, रेटिकल लगेच धारदार दिसतंय का ते ठरवायचं, नजर काढायची, आयपीस फिरवायचा, पुन्हा पाहायचं. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसगत होते. मग रायफल नेहमीसारखी खांद्याला लावून, डोळे मिटून, गाल दस्त्यावर टेकवून डोळे उघडायचे. काळी कडा न येता पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करायचा. हे ९ वरच करा, कारण ३ वर सगळं माफ असतं. सरळपणासाठी ओळंब्यासारखं दुसरं साधन नाही. खोलीच्या टोकाला दोरीला वजन बांधून टांगलं, रायफल आडवी समतल धरली आणि उभी रेघ दोरीशी जुळवली. स्क्रू तिरक्या क्रमाने, पाव-पाव फेरा. रिंगच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जोर १५ ते १८ इंच-पाउंडांच्या आसपास, त्यापुढे नळकांडं चेपतं. टॉर्कचा पाना नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी आवळा.

नळी मोडून भरायच्या रायफलींत नळी थोडी खाली झुकलेली असणं नेहमीचं आहे. मग छर्रे खूपच खाली लागतात आणि स्कोपची वरची, नेम वर-खाली करणारी घुंडी संपेपर्यंत फिरवावी लागते. तसं करू नका. टोकाला आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एका ठिकाणी आणणारी जुळणी, टिकत नाही. मी मागच्या रिंगमध्ये खाली जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी घातली आणि घुंडी मधल्या पट्ट्यात ठेवली.

झिरो मी २५ मीटरवर केला. घुंडीची एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर ती ७ मिमीच्या थोडी वर, २५ मीटरवर १.८ मिमी, १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी. म्हणजे १० मीटरवर एक सेंटीमीटर सरकायला चौदाएक क्लिक लागतात. एका छर्र्यावरून घुंडी फिरवू नका, एकाच नेमावर पाच छर्र्यांचा ग्रुप मारा आणि त्याचा मध्य धरा. स्प्रिंग रायफल पकडीला फार हळवी असते. घट्ट आवळून धरली तर ग्रुप पसरतो आणि दोष स्कोपच्या माथी जातो. पुढचा हात उघड्या तळव्यासारखा ठेवून रायफल नुसती टेकू द्या. आणि स्कोप नळीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर उंच असल्यामुळे २५ ला झिरो केलेली रायफल १० मीटरवर थोडं खाली मारते, तो बिघाड नव्हे.

तक्रारीही आहेत. क्लिक मऊ लागतात, हाताला कळतात पण कानाला नाही. एओवरचे आकडे आणि प्रत्यक्ष अंतर जुळत नाही, म्हणून मी टेपने मोजून कडीवर माझ्या खुणा केल्या. झूम ३ वरून ९ वर नेला की २५ मीटरवर छर्रा थोडा सरकतो. स्वस्त स्कोपमध्ये हे होतं. ज्या झूमवर झिरो केला त्याच झूमवर मोजून मारावं. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असल्याने, म्हणजे झूमबरोबर ते लहानमोठं होत नसल्याने, मिल-डॉटची (रेटिकलवरच्या मापाच्या ठिपक्यांची) मापंही ठरावीक झूमवरच खरी असतात. पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं, पाहून घ्या.

मुलं क्लबमध्ये जाणार म्हणून कोणी स्कोप घेत असेल तर थांबा. नेमबाज अंजली भागवत, सुमा शिरूर ज्या प्रकारात चमकल्या, त्या १० मीटर एअर रायफलमध्ये स्कोप चालत नाही. तिथे डायॉप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायचं साधन) असते आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० जूलच्या आतल्या ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही, पण बिल जवळ ठेवा आणि रायफल केसमध्येच न्या. वन्य पक्ष्या-प्राण्यांची शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते करू दिलं नसतं. स्कोपचा दुर्बिणीसारखा वापरही नको. स्कोप जिकडे, नळी तिकडे.

आता पावसाळा, मुंबईकराची खरी परीक्षा. स्कोपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आतून वाफ धरत नाही. आत धुकं दिसलं तर सील गेलं असं समजून वॉरंटीत द्या, घरी उघडू नका. बाहेरून वाफ धरणं मात्र रोजचं. एसी गाडीतून दमट हवेत काढला की भिंगं पांढरी होतात. पुसू नका, केसमध्येच अर्धा तास राहू द्या. बुरशी अंधाऱ्या, कोंदट जागी धरते आणि भिंगावरचं कोटिंग खाते, मग ते परत येत नाही. फोमच्या केसमध्ये रायफल महिनोन्‌महिने ठेवणं त्यासाठीच वाईट, फोम ओल धरून ठेवतो. स्कोप दर वेळी काढला तर झिरो जातो, म्हणून मी अख्खी रायफल कपाटात उभी ठेवतो. सोबत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की जेल तापवून कोरडं करतो. बाजारात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पिशव्या मिळतात, त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यांना सुटणारं खारं पाणी लोखंडावर सांडलं तर गंज धरतो, त्या रायफलजवळ नकोतच. माउंटच्या स्क्रूंना गणपतीच्या आधी आणि दिवाळीनंतर तेलाचा पुसट हात देतो. डोक्यांवरच द्यायचा, आट्यांत तेल गेलं तर स्क्रू सैल होतात.

भिंगाला आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर लेन्स टिश्यूवर लेन्स क्लीनरचा एक थेंब, मधून बाहेर गोल फिरवत. थेंब थेट भिंगावर टाकायचा नाही, तो कडेने आत झिरपतो. शर्टाच्या टोकाने कधीच पुसू नका. आपल्याकडे वाऱ्यावर मीठ आणि बांधकामाची धूळ दोन्ही असतात, कोरडं पुसलं की चरे पडतात. सोबत आलेली रबरी झाकणं सैल होती, म्हणून स्प्रिंगवर उघडणारी वेगळी घेतली. मापाला पुढच्या भिंगाचे ४० मिमी सांगून उपयोग नाही, एओ कडीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून द्या.